सावळीमावशीची शंका

भगीरथ गोजर मूळचे सापगावचे. धसईजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आठवडाभर मुरबाडला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी घरची वाट धरायचे. इंग्रजीत त्यांचा हात धरणारं त्या बाजूला कोणी नव्हतं, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशी सहावीला विरुद्धार्थी शब्द चालले होते. फळ्यावर ‘लाँग’च्या समोर त्यांनी ‘शॉर्ट’ लिहिलं. वर्गाच्या मागच्या बाजूला सावळीमावशी मुलींच्या गणवेशाची मापं घेत होत्या. गेली वीस वर्षं शाळेचे कपडे त्याच शिवत. पन्नाशीच्या पुढच्या; शिक्षण चौथीपर्यंत, पण कापडाच्या खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचून वाचून त्यांना चांगली ओळखता यायला लागली होती.

“सर,” कुणालीने हात वर केला, “शॉर्ट म्हणजे आखूड, मग लाइट शॉर्ट झाली म्हणजे काय? ती थोडीच आखूड होते?”

“करंटला जवळची वाट सापडते, म्हणून शॉर्ट,” सरांनी समजावलं. “माल कमी पडला तरी शॉर्ट, माणूस चटकन चिडला तरी शॉर्ट टेंपर. सगळीकडे काहीतरी कमी आहे, बघ.”

मागून मावशींचा आवाज आला.

“सर, एक इचारू? शर्ट, स्कर्ट आन् हे शॉर्ट, तिन्ही एकाच घरचे काय?”

वर्गाने वळून पाहिलं. सर हसले.

“मावशी, अक्षरं सारखी दिसली म्हणून नातं लागत नाही. शर्ट वेगळा, शॉर्ट वेगळा.”

“अक्षरांचं नाय म्हनत मी. साडीला, धोतराला कात्री लागत नाय. अख्खं कापड अंगाला गुंडाळायचं. शर्टाला, स्कर्टाला पयलं कापड कापावं लागतं. कापलं की आखूड होनारच ना?”

“कल्पना छान आहे हो,” सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. पोरी खुदकन हसल्या. मावशींनी मान खाली घातली आणि पुढच्या मुलीच्या खांद्याला टेप लावला.

तास संपला, पण ते वाक्य काही सरांच्या डोक्यातून जाईना. चूक म्हणावी, तर चूक कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे, आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं. फोनवर शोधून पाहिलं, तर मावशींच्याच बाजूने उत्तर येत होतं. पण फोनवर काय, कोणी काहीही लिहितं. शनिवारी ते शहापूरला उतरून थेट आपल्या जुन्या कॉलेजात गेले. ग्रंथालयातला, शब्दांची कुळी सांगणारा जाडजूड इंग्रजी कोश टेबलावर घेतला आणि ‘शॉर्ट’चं पान उघडलं.

हातात पेन्सिल घेऊन ते एकेक ओळ वाचत गेले. शॉर्टचं मूळ कापण्यात होतं. शर्ट त्याच कुळातला, आणि स्कर्ट तर शर्टाचीच बहीण, फक्त युरोपच्या उत्तरेकडच्या दुसऱ्या भाषेतून आलेली. शेवटच्या ओळीत संस्कृतातलं ‘कृन्तति’ होतं, म्हणजे कापतो. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. कृन्तति, कर्तरी, कातर, कात्री! आपण एम.ए. केलं, पंधरा वर्षं हे शब्द शिकवले, आणि एकदाही विचारलं नाही. एका बाईने हाताने कापड कापता कापता ते ओळखलं, आणि आपण तिला पोरींसमोर हसलो.

रविवारी ते मुरबाडला परतले आणि जीप पकडून थेट धसईला मावशींच्या घरी गेले. मावशी ओटीवर बसून निळ्या कापडावर खडूने रेघा मारत होत्या.

“बसा सर. काय कापड घेऊन आलाव?”

“नाही मावशी. माफी मागायला आलो. तुमचं खरं होतं.”

त्यांनी फोनवर काढलेला पानाचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. मावशींनी हात पदराला पुसले, फोन धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या.

“म्हंजे आमची कात्री न् तेंचं शॉर्ट, दोगं भाऊबंद?”

“सख्खे नाहीत. पण कूळ एक.”

“कवाचं कुळ हाय हो हे?”

“हजारो वर्षांपूर्वीचं.”

मावशींनी फोन सरांना परत दिला. मग म्हणाल्या, “मला वाटलं मीच येडी.”

हे ऐकून सरांना जास्तच लागलं. “मावशी, उद्या माझ्या तासाला याल? हे तुम्ही सांगा मुलांना.”

“आवं, मी काय सांगनार? चौथी शिकलेली बाई!”

“तुम्ही ओळखलंत. मी फक्त कोशात जाऊन बघून आलो.”

सोमवारी मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या. सर वर्गासमोर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, “शुक्रवारी मी मावशींना चूक ठरवलं. चूक माझी होती. आज त्या शिकवतील, मी ऐकेन.” आणि ते खरोखरच शेवटच्या बाकावर कुणालीशेजारी जाऊन बसले.

मावशी पदर सावरत टेबलापाशी आल्या. मग त्यांनी पिशवीतून अख्खं कापड काढून टेबलावर पसरलं. “हे बगा पोरांनो. आजून याला कोनी हात लावला नाय. हे लाँग.” कात्री हातात आली तशी भीड गेली. कापड करकर कापत त्या बोलत राहिल्या. बाही कुठली, पाठ कुठली, काय का आखूड करायचं, सगळं. शेवटी तुकडे जुळवून त्यांनी टेबलावर लहानसा शर्ट मांडला. मुलं बाकांवर उभी राहून बघत होती.

तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. सरांनीही उठायची घाई केली नाही. ते वहीत लिहून घेत होते.