मुळ्याचा पाला

नेपाळहून कोपरखैरण्याला येऊन काशीला पाच महिने झाले होते. तिचा नवरा मानसिंग एका सोसायटीत वॉचमन होता. जिन्याखालच्या खोलीत दोघं राहायची. तिला दिवस गेले आणि अन्नच जाईना. वडापावच्या तळणीचा वास आला तरी ती नाकाला ओढणी लावायची. मानसिंगने इडली आणून पाहिली, बिस्किटं आणली. तिला हवा होता गुंद्रुक. पाला आंबवून, वाळवून ठेवायचा आणि त्याचं आंबट सार भातावर घ्यायचं. माहेरी ते रोजचं जेवण होतं.

गेटसमोर मुक्ताबाई भाजी विकायला बसायच्या. साताऱ्याकडच्या, पण इथं येऊन तीस वर्षं झालेली. मुळ्याचा पाला तोडून त्या बाजूला टाकायच्या. एक दिवस काशी तो गोळा करू लागली.

"शेळी पाळलीस काय गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. मला खायला."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंनी तिच्यासाठी भाकरी-पिठल्याचा डबा आणला. काशीचा चेहरा उतरला.

"घरात तांदूळ हाय आमच्या," ती म्हणाली आणि डबा न घेताच आत गेली.

गावच्यासारखाच तिने पाला सुकवला, कुटला, बरणीत दाबला आणि पंधरा दिवस वाट पाहिली. झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी. बरणी गेटजवळच्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी करताना तिला रडू आवरेना. मुक्ताबाई तराजू टाकून उठल्या.

"काय झालं पोरी?"

मोडक्यातोडक्या मराठीत काशीने सगळं सांगितलं. ते ऐकून मुक्ताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आन् मला वाटलं, पोर उपाशी हाय! अगं, आमीबी हरभऱ्याचा पाला वाळवून ठिवायचो की. हितं आल्यावर सुटलं ते सगळं." त्यांनी बरणी हातात घेऊन फिरवली. "तुमच्याकडं थंडी. हितल्या दमट उकाड्यात पंधरा दिवस कशाला? चार दिवसांत काढ. आन् लई गच्च दाब, वारा शिरता कामा नये."

संध्याकाळी त्यांनी स्वतः निवडलेला कोवळा पाला आणून दिला. पाचव्या दिवशी बरणी उघडली, तेव्हा आंबट, ओळखीचा वास आला. गच्चीवर टाकीच्या झाकणावर पाला दोन दिवसांत कडकडीत वाळला. त्या दुपारी काशीने सार केलं आणि दोन वेळा भात वाढून घेतला. मानसिंग दारात उभा राहून नुसता बघत होता.

मग ती वाटीभर सार घेऊन गेटवर गेली. मुक्ताबाईंनी डब्यातली भाकरी त्यात कुस्करली, वर लसणाची चटणी टाकली, घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"आईच्या हातचं आठवलं गं," त्या म्हणाल्या. "तू बी घे की."

काशी त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने दुसरा घास घेतला.

आता त्या दोघींचं दुपारचं जेवण एकत्रच होतं. परवा काशीच्या आईचा फोन आला.

"पोटात काही टिकतं का गं?" आईने नेपाळीत विचारलं.

"टिकतं. आज ज्वारीची भाकरी खाल्ली."

"ती कशी असते?"

"तू बाळंतपणाला ये," काशी हसत म्हणाली. "मी थापून दाखवते."