सूत्रधाराची खुर्ची

डॉक्टरांनी भाऊजींना तीन महिने तोंड उघडायचं नाही असं बजावलं आणि पंचाईत झाली ती त्यांच्या मेहुणीची, धाकटीची. भाऊजी लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. वीस वर्षं शेजारच्या सीटवरून "ब्रेक, ब्रेक!" असं ओरडून त्यांच्या घशात गाठी झाल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं. पण दर रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालायचा. त्याचे सूत्रधार तेच होते, आणि मुक्या सूत्रधाराचा काय उपयोग?

खेळ नऊ वर्षं जुना. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. ताईची, म्हणजे भाऊजींच्या बायकोची, वैदू, शेजारी राहणाऱ्या वेल्डरचा कुऱ्हाडवाला, ओळखीच्या ग्रंथपाल बाईंची जादूगारीण. सूत्रधाराने गोष्ट सांगायची आणि वाटेत शत्रू उभे करायचे. लढाई सुरू झाली की पाळीपाळीने वार, आणि वार लागला की नाही ते फासा ठरवणार. धाकटी आजवर चोर म्हणून खेळायची. आता तिला खुर्ची मिळाली आणि भाऊजी योद्धा घेऊन समोर बसले, हातात चिठ्ठ्यांचं पॅड.

"भाऊजी, पहिली लढाई कशी ठेवू?" तिने शनिवारी विचारलं होतं.

त्यांनी लिहिलं: "एकच मोठा राक्षस. बास."

धाकटी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एका दाढेची उंची जमेपर्यंत चारदा घासणारी बाई. तिने राक्षसही तसाच घडवला: तीन हात, दगडी कातडी, एका फटक्यात माणूस आडवा.

रविवारी चौघांनी चार वार केले. राक्षसाने एक केला, तोही चुकला. चौघांनी पुन्हा चार केले आणि राक्षस मेला. चहा अजून गरम होता.

वेल्डर पोट धरून हसला. भाऊजींनी चिठ्ठी सरकवली: "त्याला झोपेतून उठवायचं तरी होतंस."

ती चिठ्ठी धाकटीने आठवडाभर पर्समध्ये ठेवली. रोज काढून वाचायची आणि दात-ओठ खात कामाला लागायची. 'थांबा, दाखवते,' असं ती मेणाच्या दातांना म्हणायची.

दुसऱ्या रविवारी तिने अरुंद गुहेत चौदा लांडगे सोडले. चौघांच्या चार खेळ्या आणि लांडग्यांच्या चौदा. पहिल्याच फेरीत ग्रंथपाल बाई पडल्या. "अगं, मागे तरी सरकू दे," वेल्डर म्हणाला.

"मागेही लांडगेच आहेत," धाकटी म्हणाली. हे सांगताना तिला बरं वाटलं, हे तिला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

ताईची वैदू बाईंना उठवायला वाकली आणि पाच लांडगे तिच्यावर तुटून पडले. फासे लागत गेले. धाकटी थांबली नाही. वैदू मेली.

ताईने कप गोळा केले, नळाखाली धरले आणि पाठमोरी म्हणाली, "नऊ वर्षं खेळले गं मी तिला."

भाऊजींची चिठ्ठी आली: "मारायला काय अक्कल लागते? तुला झेपणार नाही."

धाकटीचा तोल गेला. "एकच राक्षस ठेव असं तुम्हीच सांगितलंत! तिथेच माझं हसं झालं."

ताईने नळ बंद केला. "अहो, तुम्ही सांगितलंत?"

भाऊजींनी पॅड उलटं करून ठेवलं. ताई आत गेली आणि त्यांची जुनी वही घेऊन आली. पहिल्याच वर्षीचं पान तिने सगळ्यांसमोर वाचलं: "एकटा शत्रू कधीही ठेवू नये. चौघे मिळून त्याला गिळतात. ताकद मोजू नये, खेळ्या मोजाव्यात."

"वही ठेव खाली!" भाऊजी ओरडले. आवाज पत्रा फाटल्यासारखा आला. मग त्यांनी गळा धरला आणि खोकत खोकत आत निघून गेले. मौन आणखी एका महिन्याने वाढलं.

ताईने वही पुढे केली. "ने ही."

"नको. त्यांचं मला काहीच नको."

त्या आठवड्यात धाकटी जेवणाच्या सुट्टीत कामाच्या टेबलावर नाकारलेले दात मांडून बसली. चार सुळे म्हणजे आपली माणसं, दाढा म्हणजे शत्रू. दोन्ही बाजूंनी तीच खेळायची. तीन दाढा फार कमी पडायच्या, आठ फार जास्त व्हायच्या. सहा ठेवल्या की सुळ्यांना घाम फुटायचा, पण वाट राहायची. मग तिला आणखी एक उमगलं: शत्रूला काय हवंय ते ठरलेलं असलं, तर त्याला दर वेळी मरेपर्यंत लढावं लागत नाही. आणि हरणाऱ्याला पळायला दार हवं.

तिसऱ्या रविवारी नदीकाठी सहा दरोडेखोर होते. त्यांना फक्त चौघांची नाव हवी होती. ताई नवं पात्र घेऊन आली होती, एक तिरंदाज. धाकटीशी ती कामापुरतंच बोलत होती.

लढाई रंगात आली तशी भाऊजींनी चिठ्ठी टाकली: "मी एकटा म्होरक्यावर जातो."

धाकटीला डाव कळला. मारलं तर सूड म्हणणार, वाचवलं तर लाड. ती म्हणाली, "जा. फासे सगळ्यांसमोर टाकते."

म्होरक्याचे दोन वार बसले. योद्धा गुडघ्यावर आला. "शरण आलात तर जीव वाचेल, नाव मात्र जाईल," धाकटी म्होरक्याच्या आवाजात म्हणाली. भाऊजींनी मान हलवली. नाही.

तिने फासा उचलला.

"थांब, आधी माझी खेळी!" ताई ओरडली. तिने बाण सोडला. म्होरक्याच्या दंडात. वेल्डरने योद्ध्याला पाय धरून ओढलं, बाईंनी धुकं पसरवलं आणि दरोडेखोर नाव सोडून पळाले. वेल्डर खुर्चीवरून उठून नाचला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

भाऊजींनी लिहिलं: "पुढच्या रविवारपासून मी खेळणार नाही."

ताईने चिठ्ठी वाचली. "बरं. मग आतल्या खोलीत बसा आणि दार लावून घ्या. टेबल आम्हाला लागेल."

पाच रविवार ते आत टीव्ही मोठ्याने लावून बसले. सहाव्या रविवारी बाहेर आले आणि योद्ध्याच्या नोंदींचा कागद उघडून बसले. आवाज परत आला तरी सूत्रधाराची खुर्ची त्यांना कुणी देऊ केली नाही. त्यांनीही मागितली नाही. ते आणि धाकटी आजही खेळापुरतंच बोलतात. "किती लागलं?" "सात." "माझी खेळी?" "तुमची."

ताई मात्र तिरंदाजावर खूश आहे.