फोर्थला आठचा वारा

पहाटे सहाला पाच कमी असताना रेडिओवर जहाजांसाठी हवामान लागायचं, आणि बेथिया गोवन्स ते उभ्यानं ऐकायची. निवेदक एकसुरी आवाजात समुद्राचा एकेक भाग घ्यायचा आणि तिथल्या वाऱ्याचा जोर आकड्यात सांगायचा; आठ म्हणजे वादळ. क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर. फोर्थचं, म्हणजे दारासमोरच्या समुद्राचं, सांगून झालं की बेथिया जिन्याच्या तोंडाशी जायची आणि मान वर करून मोठ्यानं म्हणायची, "इनिस, फोर्थला सहाचा वारा आहे रे. दुपारनंतर वाढणार आहे."

वरच्या खोलीत कुणी नसायचं. एकोणीस वर्षं कुणी नव्हतं.

मग ती ओट्सची लापशी ढवळायला घ्यायची आणि रेडिओ दिवसभर चालू राहायचा. पिटहेव्हन बंदराच्या धक्क्यावरच्या घरांच्या त्या ओळीत सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती. मार्चमधल्या त्या गुरुवारीही तसंच चाललं होतं. आधी शेतकऱ्यांसाठी मेंढ्यांच्या खुरांच्या रोगावर बोलून झालं. मग बातम्या, आणि प्रश्नाला बगल देणारा एक मंत्री. "विचारलंय काय नि सांगतोयस काय, मेल्या!" बेथियानं त्याला सुनावलं. मग प्रार्थना, मग बायकांचा कार्यक्रम, एकचं बातमीपत्र, डेव्हनच्या कुणा गृहस्थाच्या गुलाबांवर पडलेली कीड. दुपारच्या नाटकातली बायको नवऱ्याला विष घालणार हे बेथियानं पाचव्या मिनिटाला ओळखलं. घरात कुणीतरी बोलत असलं की तिला स्वतःच्या मनातलं ऐकू येत नसे. एवढ्यासाठीच तो रेडिओ होता.

चार वाजता जुन्या बंदरांवरचा कार्यक्रम लागला. रेडिओच्या भांडारात पडून राहिलेल्या ध्वनिफिती शोधून काढल्यात, असं निवेदिका म्हणाली. "ही फीत मार्च १९७२ मधली. पिटहेव्हनचा धक्का, सकाळी साडेसहाची वेळ. या तरुण कोळ्याचं नाव मात्र टिपून ठेवलेलं नाही."

समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. मग मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "काय, आज समुद्र कसा आहे?"

"बराच असणार," तो तरुण म्हणाला. "वादळ असतं तर आईनं जिन्यातूनच बोंब मारली असती. एकही हवामान चुकवत नाही ती."

बेथियाच्या हातात विणकाम होतं. सुया तशाच राहिल्या.

"मग आज काय म्हणाली आई?"

तो हसला. नाकातून, तिचा इनिस नेहमी हसायचा तसा. "आज अबोला आहे. काल रात्री भांडलो आम्ही. मला कॅनडाला जायचंय ना! पण अबोला असला तरी वादळाचं सांगितल्यावाचून राहायची नाही ती. संध्याकाळपर्यंत होईल तिचा राग गार."

इंजिन सुरू झालं, लांब गेलं, आणि निवेदिका श्रोत्यांना कॉर्नवॉलच्या दुसऱ्या एका बंदरात घेऊन गेली.

त्या सकाळी निवेदकानं फोर्थला आठचा वारा सांगितला होता. लवकरच नऊ होईल म्हणाला होता. बेथियानं ते पळीभर लापशी हातात धरून ऐकलं होतं. इनिस खाली आला, बूट घातले, क्षणभर दाराशी थांबला. ती पाठ करून उभी राहिली. जा म्हणावं कॅनडाला, मी बोलणार नाही. नावेचा मालक वॉलेस लॉरिमर ऐकेलच की, तो काढणार नाही नाव, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. त्याच दिवशी नाव बुडाली; तिच्यावर चौघं होते. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. इनिस आणि वॉलेस सापडलेच नाहीत.

वादळाचं ऐकूनही आपण गप्प राहिलो, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

बेथिया उठली आणि तिनं रेडिओ बंद केला. घर एकदम मोठं झालं. घड्याळ वाजत होतं, नळ ठिबकत होता. दहा मिनिटंही झाली नसतील, तोच शेजारची नॅन, वॉलेसची विधवा, दार न ठोठावताच आत आली. हाताला बटाट्याची सालं चिकटलेली होती.

"काय गं, जिवंत आहेस ना? तुझा रेडिओ थांबला, मला वाटलं गेलीस! भिंतीतून रोज अर्धंमुर्धं ऐकते मी. आज त्या बाईनं नवऱ्याला विष घातलं की नाही, तेवढं सांग."

"घातलं," बेथिया म्हणाली. "नॅन, बस."

आणि तिनं सांगितलं. फीत, इनिसचा आवाज, ती आठची सूचना, पाठ फिरवून उभं राहणं, सगळं. बोलताना ती टेबलाकडे बघत होती.

"वॉलेसनं ऐकलं होतं ते हवामान," नॅन म्हणाली.

"काय?"

"माझ्यासमोर बसून न्याहारी करत होता. मी म्हटलं, आज नको जाऊस. म्हणाला, दुपारच्या आत परततो. नावेवरच्या पोरांजवळ बोलू नकोस, उगाच बिचकतात. धक्क्यावर तुझा इनिस दिसला मला. त्यानं हात केला. मीपण केला. बोलले नाही काही."

बेथियानं टेबलावरून नजर उचलली. मग ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं. आणि एकोणीस वर्षं माझ्याकडे येऊन चहा पितेस?"

"तूही पाजतेस," नॅन म्हणाली.

"निघ."

"बेथिया—"

"निघ म्हणते ना माझ्या घरातून!"

नॅन गेली. दाराशी बटाट्याचं एक साल पडून राहिलं.

शुक्रवारी पहाटे बेथियानं रेडिओ लावला. फोर्थला पाचचा वारा होता. ती सवयीनं जिन्याशी गेली, मान वर केली, आणि तोंडातून शब्द फुटेना. इतकी वर्षं ती रिकाम्या खोलीला ओरडून सांगत होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, वर कुणीतरी कान देऊन बसलंय. ती काय सांगते त्याची वाट बघतंय. ती मागे सरत सरत स्वयंपाकघरात आली आणि उजाडेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंतीपलीकडे नॅनही जागी होती. तिच्या चालण्याचा आवाज येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शनिवारीही तेच.

तोच कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पुन्हा लागणार असल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. वेळ झाली तशी बेथियानं पळी घेतली आणि भिंतीवर तीनदा ठोकली. नॅन आली, ती चर्चला जाताना घालायचा कोट घालून. दोघी रेडिओजवळ खुर्च्या ओढून बसल्या.

पक्ष्यांचा कलकलाट आला. इनिस आला. 'अबोला असला तरी' हे शब्द यायच्या आधीच बेथियानं डोळे मिटले. तिला वाटलं होतं दुसऱ्या वेळी कमी लागेल. तेवढंच लागलं.

अचानक नॅननं तिचं मनगट पकडलं.

"ऐकलंस?"

"काय?"

"मागे. इंजिनाच्या आधी. 'इनिस, गप्पा पुरे, दोर सोड!' वॉलेस होता तो. बेथिया, माझा वॉलेस होता!"

बेथियानं ऐकलंच नव्हतं. दोन्ही वेळा तिला फक्त तिचा मुलगा ऐकू आला होता. नॅन हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "आवाज तर बघ मेल्याचा! पोरगं बोलत होतं ना दोन शब्द, बोलू द्यायचं होतंस की रे! आणखी थोडं बोलू द्यायचं होतंस!"

बेथियानं तिच्या पाठीवर हात ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नॅननंही ते मागितलं नाही.

सोमवारी दोघींनी मिळून रेडिओच्या कचेरीला पत्र लिहिलं. फितीतल्या तरुणाचं नाव इनिस गोवन्स, वय बावीस, आणि मागे हाक मारणारा वॉलेस लॉरिमर. दोघं त्याच दिवशी बुडाले, तरी नोंद करून घ्यावी. मे महिन्यात एका बाईचं हातानं लिहिलेलं उत्तर आलं, आणि सोबत त्या मुलाखतीची कॅसेट. नॅननं ती बेथियाच्या कपाटात, टेबलक्लॉथांच्या खाली ठेवली. कॅसेट वाजवायचं यंत्र दोघींपैकी कुणाकडेच नव्हतं, आणि त्यांनी ते घेतलंही नाही.