पूर्वी तिथे काय होतं

"मॅडम, 'सूर्य कुठे मावळतो' याला तुम्ही शून्य का दिलंत?"

आमच्याकडे नुकतीच कामाला लागलेली मुलगी, सगळे तिला 'नवी'च म्हणायचे, माझ्या टेबलापुढे पेपर धरून उभी होती. तिने उत्तर लिहिलं होतं : 'आमच्या घरामागच्या पाण्याच्या टाकीपलीकडे.'

"कारण उत्तर 'पश्चिमेला' असं आहे."

"पण मग टाकी पश्चिमेलाच असेल ना?"

"असेल म्हणजे? तुला माहीत आहे का?"

पृथ्वीवर खंड किती, तर तिचं उत्तर 'बरेच'. लीप वर्षात दिवस किती, तर 'मोजावे लागतील'. दहापैकी दोन गुण पडले होते आणि त्यातला एक मी अक्षर चांगलं म्हणून दिला होता.

हा पेपर माझा. रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन उचलायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी तो सोडवून घेते. नियमात तो कुठेही बसत नाही. साहेब हसतात, पण अडवत नाहीत. कारण नव्या माणसाला कायम करायच्या कागदावर सगळ्यांत जुनी ऑपरेटर म्हणून माझी सही लागते. सव्वीस वर्षं मी हा फोन उचलते आहे. कुठल्या पुलाखालून उंच गाडी जात नाही, कुठल्या शाळेला मागचं फाटक आहे, कुठल्या रस्त्याचं नाव किती वेळा बदललं, सगळं तोंडपाठ. माझ्या पाठीमागे मला 'विश्वकोश' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मला ते आवडतं.

पूर्वी येणारी मुलं सात-आठ गुण सहज मिळवायची. मग पाच झाले, मग चार. विचारलं तर एकच उत्तर : "मोबाइलवर बघता येतं की, मॅडम." मोबाइल बंद पडला तर, असं विचारलं की म्हणायची, "चार्ज करायचा." असं ऐकलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. अशा माणसांच्या हाती लोकांचे जीव कसे द्यायचे?

"संध्याकाळी साहेबांना कागद द्यायचा आहे," मी नवीला म्हणाले. "माझी सही होईल असं समजू नकोस."

तिचा चेहरा पडला, पण ती रडली नाही. "मॅडम, मला हेच काम करायचंय हो. दुसरं कुठलं नकोच," एवढंच म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. तिच्यासमोरचा फोन वाजला. तिचं काम ऐकायला माझ्या टेबलावर दुसरा हेडफोन असतो, तो मी कानाला लावला.

"हॅलो, लवकर या, माझे आजोबा पडलेत! उठतच नाहीयेत!" तरुण मुलाचा आवाज होता, फार घाबरलेला.

"श्वास चालू आहे का त्यांचा? छातीकडे बघून सांगा."

"आहे... हो, आहे. घरघर येतेय."

"छान. घाबरू नका. आधी पत्ता सांगा."

"पत्ता... पत्ता मला माहीत नाही."

मी डोळे मिटले. नवीने मात्र आवाज जरासुद्धा वर जाऊ दिला नाही. एकेक करून तिने सगळं काढून घेतलं. नातू आदल्या संध्याकाळी या शहरात पहिल्यांदाच आला होता. काकाने मोबाइलवर ठिकाण पाठवलं, त्याने ते भाड्याच्या गाडीवाल्याला दाखवलं आणि दारात उतरला. पत्ता वाचायची वेळच आली नव्हती. रात्रीपासून वीज नव्हती, त्याचा मोबाइल बंद पडला होता. बोलत होता तो आजोबांच्या बटणांच्या फोनवरून, आणि तसल्या फोनची जागा आमच्या पडद्यावर नुसती एका मोठ्या वर्तुळाएवढी कळते. त्या वर्तुळात हजारेक घरं होती. काका कामावर, त्याचा नंबर बंद मोबाइलमध्ये, आणि आजोबांच्या फोनमध्ये कुठलेच नंबर साठवलेले नव्हते. शेजारच्या दोन्ही दारांना कुलपं.

वीस-बावीस वर्षांचा मुलगा, आणि आपण कुठल्या घरात झोपलो हे त्याला सांगता येत नव्हतं! माझं डोकं भणभणलं.

"आजोबांना डाव्या कुशीवर वळवा," नवी सांगत होती. "वरचा गुडघा वाकवा. तोंड जरा खाली येऊ द्या. जमलं? शाब्बास. आता दारात या आणि मला सांगा, तुमच्या पूर्वेला काय आहे?"

पत्ता नसला की दिशा विचारायची, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण दोघंही सारखेच अडाणी, कोण कोणाला पूर्व दाखवणार!

फोन खरखरला. "पूर्वी ना?" नातू म्हणाला. "पूर्वी इथे..."

माझा तोल गेला. मी माझ्या हेडफोनचं बोलायचं बटण दाबलं आणि ओरडले, "अरे पूर्वी नाही, पूर्वेला! पूर्व दिशा! शाळेत गेला होतास की नाही?"

मुलगा हुंदका गिळत म्हणाला, "सॉरी... मला नाही माहीत."

नवी खुर्चीतून उठली, माझ्या टेबलाशी आली आणि माझ्या हेडफोनची पिन ओढून काढली. सव्वीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. ती परत गेली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही काहीतरी सांगत होतात. पूर्वी इथे काय होतं? सांगा ना."

मला आता फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं. ती ऐकत होती आणि त्याचं वाक्य मोठ्याने परत म्हणत होती, माझ्यासाठी.

"पूर्वी तिथे काचेचा कारखाना होता. बरं. आजोबा त्याच कारखान्यात होते. आणि घर कारखान्याकडूनच मिळालेलं?"

मी ताडकन उभी राहिले. काचेचा कारखाना! तो पाडून एकोणीस वर्षं झाली. नकाशावर त्याचं नाव नाही, तिथे आता मोठमोठ्या इमारती आहेत. कामगारांच्या बैठ्या घरांच्या मात्र दोन रांगा अजून आहेत, कारखान्याची चिमणी होती त्या जागेच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. मधोमध इमारतींची भिंत आहे. चुकीच्या रांगेत गाडी शिरली तर पूर्ण वळसा घालून यायला वीस मिनिटं जातात.

"काच कारखान्याकडे गाडी सोडा, उड्डाणपुलावरून!" मी वायरलेसवर सांगितलं. मग नवीकडे वळून म्हणाले, "त्याला विचार, मोबाइलचा टॉवर दिसतो का? चिमणीच्या जागीच तो उभा आहे. आणि टॉवर पूर्वेला आहे की..."

मी थांबले. त्याला पूर्व कशी कळणार?

नवीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर विचारलं, "टॉवर दिसतोय? खिडकीतून? बरं, मग मला एवढंच सांगा, आत्ता तुमच्या घरात ऊन त्याच खिडकीतून येतंय की मागच्या बाजूने?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याच खिडकीतून येतंय, मॅडम. डोळ्यांवर येतंय म्हणतो."

सकाळचं ऊन आणि टॉवर एकाच बाजूला. म्हणजे घर टॉवरच्या पश्चिमेला. "पश्चिमेची रांग!" मी वायरलेसवर ओरडले. "पिठाच्या गिरणीकडून आत शिरा!"

पुढची अकरा मिनिटं नवी त्या मुलाशी बोलत राहिली. श्वास मोजायला लावत होती, मधेच "तुम्ही फार नीट करताय" म्हणत होती. मी नुसती बघत बसले. मग आमच्या ड्रायव्हरचा आवाज आला, "मॅडम, पेशंट मिळाला. साखर एकदम उतरली होती. सलाइन लावलंय, डोळे उघडलेत म्हाताऱ्याने."

नवीने हेडफोन काढला. "मॅडम, मी तुमची पिन काढली. चुकलं माझं."

"नाही चुकलं," मी म्हणाले. "काढली नसतीस, तर मी त्या पोराला दिशा शिकवत बसले असते."

कागदावर मी दुपारच्या आधीच सही केली. शेऱ्याच्या जागी साहेब एक ओळ लिहायला सांगतात, मी पाच लिहिल्या. साहेबांनी वाचून विचारलं, "आणि तुमचा तो पेपर? त्यात किती मिळाले हिला?" मी म्हणाले, "पेपर तपासताना माझीच चूक झाली होती." मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटत होता, की जणू मीच तिला वाढवली होती.

दुपारी फोन जरा थंडावले. नवीने खुर्ची माझ्याकडे ओढली. मांडीवर वही होती.

"मॅडम, तुम्ही पुढच्या वर्षी रिटायर होणार. मग काच कारखाना कोणाला माहीत असेल? मला सांगा ना, कुठे कुठे पूर्वी काय होतं. मी लिहून घेते."

मला हसू आलं. "कुठून सुरुवात करू? सगळं शहर सांगायचं राहिलंय."

"इथूनच करा की. आपली ही बिल्डिंग, ही खोली. इथे पूर्वी काय होतं?"

मी खोलीकडे पाहिलं. उंच छत, एका कोपऱ्यात बुजवलेलं दार, भिंतीवर ओळीने लोखंडी कड्या. आयुष्याची सव्वीस वर्षं मी या भिंतींच्या आत काढली, शहरभरच्या लोकांना ते कुठे आहेत ते सांगितलं, आणि त्या कड्या कशाच्या हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

नवी हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि उठली. "सफाईच्या मावशींची आई इथेच कामाला होती म्हणे. त्यांना विचारून येऊ का?"

"ये विचारून," मी म्हणाले, आणि उठून तिच्या खुर्चीत बसले. "तोवर तुझा फोन मी बघते."