रिकाम्या ट्रकचं वजन

"काका, ही सही तुमचीच ना?"

करखात्याच्या तरुण अधिकारी बाईंनी भंगाराच्या एकाच ट्रकच्या चाळीस वजनपावत्या वजनकाट्याच्या केबिनमधल्या टेबलावर मांडल्या. काटेवाल्याने चष्मा चढवला. सही त्याचीच होती, सव्वीस वर्षं घोटलेली.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. एका कंपनीने या चाळीस खेपांची बिलं दाखवून, मालावर भरलेला कर सरकारकडून परत मागितला होता. बिलं देणारी पेढी मात्र नुसती कागदावरची. तिने कर भरलाच नव्हता. म्हणजे तिजोरीत कधी न आलेला पैसा तिजोरीतून जाणार होता. माल खरंच हलला, याला पुरावा एवढ्या पावत्यांचाच.

काट्याचा मालक दारात उभा होता. तो काटेवाल्याचा मेव्हणा. नोकरी त्यानेच दिलेली, आणि ते तो विसरू द्यायचा नाही. "भाऊजींची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, मॅडम," तो म्हणाला.

काटेवाला तिसऱ्या पावतीपाशी अडला. मग त्याने उरलेल्या भराभर चाळल्या. रिकाम्या ट्रकचं वजन आठ हजार दोनशे चाळीस किलो. चाळीसही पावत्यांवर तेच.

"हा ट्रक काट्यावर चढलेलाच नाही," तो म्हणाला.

"कशावरून?"

"रिकाम्या ट्रकचं वजन रोज सारखं भरत नाही, मॅडम. टाकीतलं डिझेल कमीजास्त असतं, चाकांना चिखल असतो, कधी शेजारी क्लीनर असतो, कधी नसतो. चाळीस खेपांत दहा किलोचाही फरक नाही?"

"मग सही कशी?"

इथे गप्प बसता आलं असतं. जेवणाच्या सुट्टीत गाड्या खोळंबू नयेत म्हणून तो कोऱ्या पावत्यांवर आधीच सह्या करून पुस्तक मेव्हण्याकडे देऊन जायचा. हे सांगितलं की नोकरी गेली, वर चौकशी मागे लागली.

त्याने सगळं सांगितलं.

"भाऊजी, निदान ताईचा तरी विचार करायचा," मेव्हणा पुटपुटला.

"तिचाच केला. ती पाव किलो भाजीसुद्धा दोनदा तोलून घेते."

जबाब लिहिता लिहिता बाई म्हणाल्या की खात्यात दोन उपायांवर खल चाललाय. कराची रक्कम विकणाऱ्याच्या हाती न देता परस्पर सरकारकडे वळवायची, किंवा प्रत्येक बिल फाडताक्षणी खात्याच्या संगणकावर चढवायचं.

"दोन्ही करा," काटेवाला म्हणाला. "पण खोटा आकडा संगणकातही खऱ्यासारखाच दिसतो. काट्यावरचं वजन थेट तुमच्याकडे जाऊ दे. मध्ये माणसाचा हात नको. माझासुद्धा नको."

बाईंनी तेही लिहून घेतलं. त्याने जबाब ओळन् ओळ वाचला, उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली आणि मगच खाली सही केली.

केबिनची किल्ली टेबलावर ठेवून तो डबा घेऊन निघाला. काम नसताना काट्यावर पाय ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. इतकी वर्षं तो कडेकडेने जायचा. आज तो काट्याच्या पोलादी फलाटावर चढला आणि मधोमध उभा राहिला. काचेमागे आकडा हलला, स्थिरावला. साठ.

खाली उतरल्यावर, प्रत्येक गाडी गेल्यावर बघायचा तसं त्याने वळून पाहिलं. काटा शून्यावर आला होता.