रक्त शुद्ध, खपली तशीच

गोदामाच्या भिंतीवर अठ्ठावीस फ्रेमा टांगल्या होत्या, दोन-दोनच्या जोडीने, आणि त्यांच्यापुढे दीड-दोनशे माणसं माना वर करून उभी होती. प्रत्येक जोडीतल्या डाव्या कागदावर लाल अक्षरं होती, ‘विषाणू आढळला’. उजव्यावर हिरवी, ‘विषाणू आढळला नाही’. नाव एकाच माणसाचं, शिक्काही एकाच प्रयोगशाळेचा, आणि मधलं अंतर आठ-दहा दिवसांचं.

शोषबाबा म्हणून ज्याला सगळे ओळखत, तो गृहस्थ पूर्वी पाण्याचे पंप विकायचा. ‘ओढून काढणे’ हा शब्द बहुधा तिथूनच त्याच्या तोंडी बसला असावा. अंगावर फोड उठवणारा एमपॉक्स झालेल्या माणसाच्या दंडाला तो तांब्याची पट्टी बांधायचा, सात दिवस गोदामामागच्या खोल्यांत ठेवायचा आणि रोज संध्याकाळी पट्टीवर तळहात धरून विष ओढून घ्यायचा. आठव्या दिवशी रक्त तपासायला पाठवायचा.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका. मशीनवर ठेवा,” तो सांगत होता. “मशीनला भक्ती नाही की वैर नाही. रक्त म्हणजे शरीराची नदी. उगम शुद्ध झाला की काठावरची गावं आपोआप शुद्ध होतात.”

गर्दीने माना डोलवल्या. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या धाकटीने मात्र डोलवली नाही. ती त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. आज तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला इथून सोडणार होते, म्हणून ताईने तिला ओढत आणलं होतं. समोरच्या प्रत्येक कागदाखाली धाकटीची स्वतःची सही होती. ती सही लोक डोळे भरून पाहत होते, आणि तिला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

भावोजींची जोडी पंधरावी. फ्रेम टांगताना ते खाली वाकले आणि धाकटीला त्यांच्या कानामागची जाड, तपकिरी खपली दिसली. मनगटावर आणखी दोन होत्या. बाहेर पडल्यावर भावोजी म्हणाले, उद्यापासून दुकान उघडायचं.

दुकान म्हणजे सलून. तीन खुर्च्या, एक लांब आरसा, टॉवेलांची चळत आणि दिवसाला तीसेक मानगुटी. धाकटी ताई-भावोजींच्या मागोमाग सलूनमध्ये गेली आणि तिथेच तिने विषय काढला. हा विषाणू रक्तातून लवकर जातो, तिने सांगितलं. कित्येकांच्या रक्तात तर तो आजार भरात असतानाही सापडत नाही. घशात तो त्याहून जास्त दिवस राहतो. आणि फोडांत, खपल्यांत सगळ्यात जास्त, कधीकधी कित्येक आठवडे. हॉस्पिटलने सांगितलंय तसं, शेवटची खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत वेगळं राहायचं. टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं, आणि गिऱ्हाइकाच्या मानेला हात तर नाहीच.

भावोजी माणूस वाईट नव्हता. एका गिऱ्हाइकाचा वस्तरा दुसऱ्याला न लावणारा, हात चारदा धुणारा. पण अकरा दिवस कोंडून राहून ते विटले होते. त्यांनी वाद घातला नाही, नुसते टॉवेलांच्या घड्या घालत राहिले. बोलली ती ताई.

“कागदावर सही तुझीच आहे ना?”

“माझीच.”

“मग खोटी केलीस का?”

“नाही. रिपोर्ट खरा आहे.”

“मग झालं तर.”

रिपोर्ट खोटा असता तर धाकटीने तो फाडून दाखवला असता. तो खरा होता, हीच पंचाईत होती. तिच्याच खऱ्या सहीच्या जोरावर एक खोटं गावभर मिरवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आपल्याकडे जो नमुना येतो तो आपण तपासतो, आणि कशाचा नमुना आहे ते कागदावर लिहितो. लोक वाचत नाहीत त्याला आपण काय करणार? धाकटीने एक कोरा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. ‘नमुना’ ही ओळ सहीच्याही खाली, अगदी तळाला होती, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. आणि गोदामातल्या फ्रेमांची सोनेरी पट्टी तीन बोटं रुंद होती. बाईंनी चष्मा काढून पुसला. विचार करू, म्हणाल्या. रुग्णांची माहिती मात्र तू बाहेर बोलायची नाहीस, हेही बजावलं, आणि त्यात त्यांचं चूकही नव्हतं.

मग धाकटीने आरोग्य खात्याला पत्र लिहिलं. पोच मिळाली. उत्तर नाही. रोज कामावर जाताना तिला सलूनच्या काचेतून भावोजी दिसायचे, कुणाच्या तरी मानेवर वाकलेले. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ती थकली होती.

सलून उघडल्याच्या आठव्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. सात वर्षांच्या लेकीला ताप होता. तळहातावर एक फोड, ओठाच्या कडेला दोन. बाप घरी आल्यापासून पोरगी त्याला चिकटूनच होती, त्याच्याच टॉवेलने तोंड पुसत होती. ताई फोनवर रडली नाही. फक्त म्हणाली, “तू सांगत होतीस.” धाकटीला ते ऐकून जराही बरं वाटलं नाही.

पोरीच्या फोडातला नमुना बाधित निघाला. डॉक्टरांनी धीर दिला. लक्ष ठेवू, बहुतेक मुलं नीट होतात. भावोजींनी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं, आलेल्या गिऱ्हाइकांची आठवून आठवून यादी करून हॉस्पिटलला दिली आणि ते मास्क लावून, बाह्या खाली ओढून प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतःहून सांगितलं, माझं सगळं तपास, आणि ज्याला दाखवायचं त्याला दाखव. तसं लिहूनही दिलं.

धाकटीने एकाच दिवशी तीन नमुने घेतले. रक्त, घशातला स्राव आणि कानामागची खपली. रक्तात विषाणू आढळला नाही. घशात अगदी थोडा सापडला. खपलीत भरपूर.

“माणूस एक आणि निकाल तीन?” भावोजींनी फोनवर विचारलं.

“बैठकीच्या खोलीत धूर नाही म्हणून स्वयंपाकघरातली चूल विझली, असं होतं का?” धाकटी म्हणाली. “बाबा तुम्हाला बैठकीची खोली दाखवत होता.”

भावोजींनी बाहेर पडायचं नव्हतं, म्हणून रविवारी गोदामात ताई गेली. धाकटी बरोबर होती. बाबाची नदी ऐन भरात वाहत असताना ताई सरळ भिंतीपाशी गेली आणि पंधराव्या जोडीच्या दोन्ही फ्रेमा खाली उतरवल्या. माझ्या नवऱ्याचे कागद आहेत, न्यायला आलेय, एवढंच म्हणाली. मग पर्समधल्या छोट्या कात्रीने मागचे खिळे उचकटले, सोनेरी पट्टी काढली आणि आत्तापर्यंत झाकलेली ओळ मोठ्याने वाचली. डाव्या कागदावर, नमुना: फोडातला स्राव. उजव्या कागदावर, नमुना: रक्त.

गोदामात कुजबूज झाली. ताईने परवाचे तीन रिपोर्ट वर धरले आणि तेही वाचले. मग घरात लेक तापाने पडलीय, हे सांगताना तिचा आवाज फाटला. एक म्हातारा सुतार पुढे आला. त्याच्या मुलाची जोडी तिसरी होती. त्याने ती उतरवून उघडली. डावीकडे फोड, उजवीकडे रक्त. पाठोपाठ आणखी चौघांनी आपापल्या उघडल्या. सगळीकडे तेच.

धाकटीने मग शांतपणे सांगितलं, की ज्यांनी या गोदामाचं तोंडही पाहिलेलं नाही, ज्यांच्या दंडाला कसलीच पट्टी नाही, त्यांचंही रक्त असंच लवकर स्वच्छ येतं. आजार बहुतेकांचा काही आठवड्यांत आपला आपणच ओसरतो. बाबाने काही ओढलेलं नाही. त्याने फक्त आधी एक जागा तपासली आणि नंतर दुसरी.

शोषबाबा गडबडला नाही. “मी रक्ताचंच वचन दिलं होतं,” तो म्हणाला. “खपलीला मी हात लावला होता का?”

काही जण हसले. काहींनी फ्रेमा काखेत मारल्या आणि घर गाठलं. पण मागून एकाने समजूतदार आवाजात विचारलं, “म्हणजे निदान रक्त तरी बाबांनीच साफ केलं ना?” धाकटीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

चार दिवसांनी आरोग्य खात्याची माणसं आली आणि गोदामाला टाळं लागलं. बाबा तोवर निघून गेला होता. तो दुसऱ्या गावी आता गुडघ्यांतून काहीतरी ओढतो, असं म्हणतात. सलूनची दोन गिऱ्हाइकं आजारी पडली, दोघंही बरी झाली. भावोजींनी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यातल्या एकाने दार उघडलं नाही. भाचीही बरी झाली, तळहातावर एक डाग राहिला. शेवटची खपली पडून नवी कातडी डॉक्टरांनी पाहिली, तेव्हाच सलून उघडलं. आणि धाकटीने यापुढे सही करणार नाही असं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी ‘नमुना’ ही ओळ निकालाच्या वर, निकालाएवढ्याच ठळक अक्षरांत छापायला घेतली. खाली एक वाक्यही घातलं: हा निकाल फक्त या नमुन्यापुरता आहे.

नवे कागद आले त्या सकाळी खिडकीशी एक बाई उभी राहिली. नवऱ्याला एमपॉक्स झालाय, दहा दिवस झाले, म्हणाली. “फक्त रक्ताचं करा. ते चांगलं येतं म्हणतात.”

धाकटीने पेन खाली ठेवलं. क्षणभर तिला वाटलं, ओरडावं. मग तिने खुर्ची खिडकीजवळ ओढली.

“चांगलं येणारी चाचणी नका मागू, बाई,” ती म्हणाली. “खरं सांगणारी मागा. आणि कुणीही कागद दाखवला, माझी सही असलेला असला तरी, तीन गोष्टी विचारा. काय तपासलं? कधी तपासलं? आणि काय तपासायचं राहिलं?”

बाईने मान हलवली, पण तिला पटलेलं दिसत नव्हतं.

“त्यांच्या अंगावर खपल्या आहेत का अजून?” धाकटीने विचारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.