पाळणा काही संपेना

आमचं बाळ दीड महिन्याचं झालं तरी त्याचा पाळणा तयार होईना. सुतार नवरा रोज तेच कठडे घासत बसायचा, बाळाला मात्र उचलायचा नाही.

काल सासरे, तेही सुतारच, त्याच्या कामाच्या खोलीत आले. "अरे, आणखी घासलास तर काड्याच उरतील!"

"बाबा, भीती वाटते. माझ्या हातून बाळ पडेल, असं सारखं येतं मनात."

मी बाळासकट दारातच थबकले.

सासरे शेजारी टेकले. "तू झालास तेव्हा मी दोन महिने नुसती टेबलं केली. तुला हात लावला नाही, कुणाला बोललोही नाही. तू निदान बोललास, गाढवा!"

नवरा रडतारडता हसला. हात धुऊन त्याने ते माझ्यापुढे पसरले.

पाळणा अजून अर्धाच आहे. बाळ त्याच्या कुशीतून उतरेल तर ना!